वरचा एक पाउंड

साउथहॅम्प्टनच्या एका शाळेत गिरीश देशकर चौदा वर्षं कम्प्युटर दुरुस्त करत होता, आणि चौदा वर्षं त्या शाळेत सगळे त्याला गॅरी म्हणत होते. पहिल्या दिवशी हेडटीचरबाईंनी त्याचं नाव दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा हसत हसत 'गॅरी' म्हटलं, आणि हा गडी मान डोलावून मोकळा झाला. तिथंच 'गॅरी नाही, गिरीश' एवढं म्हणाला असता तर काही आभाळ कोसळणार नव्हतं. पण भीड भिकेची बहीण, हे नागपूरला आईनं उठता-बसता ऐकवूनही ज्याच्या डोक्यात शिरलं नाही, तो इथं येऊन काय शहाणा होणार! पुढं ओळखपत्रावरही गॅरीच छापून आलं. ते गळ्यात अडकवून तो शाळाभर प्रोजेक्टर चालू करत हिंडायचा.

माणूस सरळमार्गी. दोन हजार सहा साली नागपूरहून सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून वर्क व्हिसावर आला, तेव्हा परीक्षित सहा महिन्यांचा होता. पाच वर्षांनी कंपनीनं इथला गाशा गुंडाळला. कायम राहायची परवानगी नुकतीच हातात पडली होती, म्हणून मिळाली ती शाळेतली नोकरी त्यानं धरली आणि धरूनच ठेवली. बायको नंदा हॉस्पिटलात आउटपेशंटच्या रिसेप्शनवर. शर्ली भागात दोन बेडरूमचं घर, मागं टीचभर बाग, बागेत जगू की मरू करणारा कढीपत्ता. तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि गिरीश करतही नव्हता.

एकच सल होता. शुक्रवारी शाळा सुटली की शिक्षक मंडळी कोपऱ्यावरच्या पबमध्ये जायची. गिरीशही चार-पाचदा गेला, संत्र्याचा ज्यूस घेऊन उभा राहिला. बाकीचे आपापल्या कॉलेजातल्या क्लबांचं बोलायचे. कोण कुणाबरोबर होडी वल्हवायचा, कुणाच्या क्लबातल्या जुन्या मित्रानं कुणाच्या मेव्हण्याला कुठं चिकटवला. सगळे हसले की हाही हसायचा, कशाला ते न कळता. सहाव्या शुक्रवारी तो सरळ घरी आला. त्या चार-पाच शुक्रवारांवर त्यानं आपलं एक तत्त्वज्ञान उभारलं होतं, की या देशात दारं आतूनच उघडतात, बाहेरून ठोकून हात दुखतात. आपण बाहेर राहिलो ते राहिलो. परीक्षित आत गेला पाहिजे.

म्हणून सप्टेंबरात ग्लासगोहून परीक्षितचा फोन आला तेव्हा गिरीश चालता चालता थांबला. परीक्षित तिथं इकॉनॉमिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होता.

"बाबा, मला लँटर्न क्लबनी विचारलं आहे. जॉइन करतो का म्हणून. दे डोंट आस्क एव्हरीवन, वर्षाला फक्त सहा लोक घेतात."

हा लँटर्न क्लब म्हणजे एकशे चाळीस वर्षांची जुनी जेवणावळ. मुलांनी महिन्यातून एकदा गडद हिरवा ब्लेझर घालून जमायचं, जेवायचं, भाषणं करायची, प्यायची. पण त्याच टेबलावर जेवून गेलेली पोरं पुढं बँकांची डायरेक्टर झालेली, जज्ज झालेली. परीक्षितनं फोटो पाठवला. भिंतभर लाकडी फळा, त्यावर सोनेरी अक्षरांत नावांच्या रांगा. चौथ्या वर्षापर्यंत जो टिकेल त्याचं नाव तिथं चढायचं आणि मग ते कायमचं. गिरीशनं तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. शेवटच्या रांगेखाली जागा मोकळी होती.

"फी किती?"

"नाइन फिफ्टी. ब्लेझर धरून. खूप आहे, आय नो. मी पार्ट-टाइम जॉब करू शकतो."

"काही नको. तू अभ्यास कर. मी बघतो."

नंदाला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. तिचं लाटणंच थांबलं. "नऊशे पन्नास पाउंड? जेवायचे? अहो, नाकापेक्षा मोती जड झाला हा."

"जेवायचे नाहीत गं. ओळखींचे."

"ओळखी काय विकत मिळतात?"

यावर तो कढीपत्त्याला पाणी घालायला गेला. तिथून परत आला तो ठरवूनच. पैसे दातांचे घ्यायचे. त्याच्या उजवीकडच्या दोन दाढा तीन वर्षांमागं काढाव्या लागल्या होत्या. सरकारी दातवाल्यांकडे नवीन पेशंट घेत नव्हते, खासगीत नवीन दाढा बसवायचा खर्च ऐकूनच दात दुखावेत इतका. दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून ती रक्कम कशीबशी अर्ध्यावर आली होती. तोवर गिरीश डावीकडून चावत होता.

"डावीकडच्या आहेत की अजून," तो म्हणाला. नंदा दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं भात नेहमीपेक्षा मऊ केला, त्यावरून तिनं हार मानली हे त्याला कळलं.

शनिवारी आंघोळ करून, देवापुढं दिवा लावून गिरीश पैसे भरायला बसला. आता फी भरायला आंघोळ कशाला, असं कुणी विचारील. पण त्याच्या लेखी ती फी नव्हतीच, पोराचा गृहप्रवेश होता. रकमेच्या चौकटीत त्यानं ९५० टाइप केलं आणि बोट थांबलं. शुभकार्याला शून्यावर संपणारी रक्कम द्यायची कशी? आपल्याकडे पाकिटात पन्नास नाही घालत, एक्कावन्न घालतात. आई म्हणायची, शून्यावर थांबलं की व्यवहार संपला, वर एक ठेवला की नातं पुढं चालू. परदेशात वीस वर्षं काढली तरी त्यानं हे मोडलं नव्हतं. परीक्षितचा वाढदिवस असो, परीक्षा असो, घरून निघायचं असो, पाकिटात नोटा आणि वर एक पाउंडाचं नाणं. लहानपणी पोरगा आधी पाकिटाचा खालचा कोपरा चाचपायचा, नाणं लागलं की हसायचा, आणि ती नाणी शॉर्टब्रेडच्या रिकाम्या डब्यात साठवायचा.

गिरीशनं शून्य खोडून एक केला. नऊशे एक्कावन्न. संदर्भाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'आशीर्वाद' लिहिलं आणि हात जोडून बटण दाबलं.

चार दिवसांनी त्याच्या खात्यात एक पाउंड परत आला. फॉर्मवर रिफंडसाठी खात्याचा नंबर घेतलाच होता. सोबत शब्द होते, 'ओव्हरपेड'. जास्त भरलेत.

इथं शहाण्या माणसानं गप्प बसायचं. पण चौदा वर्षं स्वतःच्या नावासाठी तोंड न उघडणाऱ्या या माणसाला नेमका इथं कंठ फुटला. दिलेला आहेर कुणी परत करतं का? आणि परत आला म्हणून कुणी घेतं का? क्लबाचा हिशेब ठेवणारा ट्रेझरर बिचारा गोरं पोर, त्याला कोण सांगणार, असं म्हणून त्यानं तो पाउंड पुन्हा पाठवला. बँक संदर्भाला अठराच अक्षरं देते. त्यात त्यानं बसवलं, 'ब्लेसिंग नॉट फी'. तीन दिवसांनी पाउंड परत, 'नॉट रिक्वायर्ड' म्हणून. गिरीशनं पुन्हा धाडला, 'फॉर गुड लक'. पुन्हा परत, 'प्लीज स्टॉप'. तेव्हा त्याला त्या अनोळखी पोराचं हसूच आलं. हिशेबाला किती पक्का! शेवटचं म्हणून त्यानं लाडानं लिहिलं, 'कीप इट सन'. ठेव रे बाळा.

यानंतर पाउंड परत आला नाही. गिरीशला वाटलं, समजलं पोराला.

नोव्हेंबरात परीक्षितचा फोन आला. आवाज खालचा. "बाबा, क्लबला परत काही पाठवू नका. तो एक पाउंड वगैरे. प्लीज."

"अरे, ते आपल्यात…"

"प्लीज, बाबा."

ट्रेझररनं कुरकुर केली असेल, एवढंच गिरीशनं मनात धरलं. त्यानंतर फोन कमी झाले. रविवारचा व्हिडिओ कॉल पंधरा दिवसांवर गेला, मग नुसते मेसेज. बिझी आहे, डेडलाइन आहे, नंतर करतो. नंदा काळजी करायची. गिरीश म्हणायचा, "आता त्याचं सर्कल झालंय. आपल्याशी काय बोलणार तो?" हे म्हणताना त्याला अभिमान वाटायचा, हे लिहितानाही वाईट वाटतं.

नाताळच्या सुट्टीत परीक्षित घरी आला तो गालफडं बसलेला. जेवायला वाढलं की अर्धं टाकायचा. दुपारपर्यंत झोपायचा. उठला की फोन उलटा ठेवून खिडकीतून बागेकडे बघत बसायचा. हिरवा ब्लेझर मात्र त्यानं बॅगेत तळाशी कोंबून आणला होता. नंदानं तो बाहेर काढला तर त्यावर डाग, आणि आंबूस वास. सोमवारी ती ड्यूटीवर गेल्यावर गिरीश तो घेऊन ड्राय-क्लीनरकडे गेला. काउंटरवरच्या बाईनं रिवाजाप्रमाणे खिसे उलटे केले, आणि आतल्या खिशातून नाणी निघाली. एक-एक पाउंडाची. तिनं मोजून समोर ठेवली. सतरा.

गिरीश तिथंच उभ्या उभ्या फुलून आला. शॉर्टब्रेडचा डबा आठवला. पोरगा मोठा झाला, क्लबात गेला, पण घरच्या पाकिटांतला वरचा एक पाउंड अजून खर्चत नाही, छातीपाशी जपून ठेवतो! रस्त्यानं येताना त्याला दोनदा डोळे पुसावे लागले. नाणी चिकट झाली होती. घरी आल्यावर त्यानं ती साबणानं धुतली, फडक्यानं पुसली, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देवघरात गणपतीपुढं रचून ठेवली. वर कुंकवाचं बोट लावलं. नमस्कार केला. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, हे त्याला अजून कळायचं होतं.

दुपारी दोनला परीक्षित चहा करायला खाली आला. किटली लावून वळला तो देवघरापाशी थांबला.

"बाबा, ही कॉइन्स इथे का ठेवले?"

"तुझ्या ब्लेझरात होती. मला माहीतच नव्हतं रे, तू ती जपून…"

"काढा तिथून." त्याचा आवाज चिरकला. "बाबा, काढा. प्लीज. देवासमोर नको."

गिरीशला काही उमजेना. परीक्षित खाली मान घालून टेबलाशी बसला आणि टेबलाकडेच बघत बोलू लागला. त्याचं मराठी घाई झाली की लंगडायचं, त्या दिवशी तर पार लंगडलं.

"फर्स्ट डिनरला ट्रेझरर नवीन मेंबर्सचे अकाउंट्स वाचतो. इट्स अ ट्रॅडिशन. कुणाचा चेक बाउन्स झाला, कुणाची आजी पैसे देते, असं. सगळ्यांचा थोडा मस्करी होते. माझा टर्न आला तेव्हा त्यानी तुमचे रेफरन्सेस स्क्रीनवर लावले. सगळे. मग उभा राहून वाचला. इंडियन ॲक्सेंटमध्ये. 'कीप इट सन'ला तर लोक टेबल वाजवत होते."

गिरीशनं खुर्चीची पाठ धरली.

"त्या दिवसापासून माझं नाव ब्लेसिंग आहे. परीक्षित कोणी म्हणत नाही. फ्रेंड्स म्हणायचे ते पॅरी पण नाही."

"आणि ही नाणी?"

"तिथे एक रूल आहे. कुणी तुमच्या ग्लासात पेनी टाकली की तो ग्लास एका दमात संपवायचा. नाही म्हणता येत नाही. संपवला की पेनी तुमची." त्यानं देवघराकडे पाहिलं नाही. "बाकीच्यांना पेनी टाकतात, बाबा. मला पाउंड टाकतात. 'ब्लेसिंग, हॅव अ ब्लेसिंग.' पहिल्या दिवशी अकरा झाले. त्यानंतर मला काही आठवत नाही. जिन्यावर झोपलो होतो."

किटलीचं बटण खट्‌कन बंद झालं. कुणी उठलं नाही. गणपतीपुढं सतरा नाणी लख्ख चमकत होती, आणि सकाळी आपण त्यांना हात जोडले, कुंकू लावलं, हे गिरीशला आठवलं. सतरा ग्लास. ते त्यानंच पाठवले होते, हट्टानं, पुन्हा पुन्हा, आशीर्वाद म्हणून.

"मी पत्र लिहितो," तो म्हणाला. "युनिव्हर्सिटीला लिहितो. ही काय पद्धत झाली?"

"नाही!" परीक्षितनं पहिल्यांदा मान वर केली. "बाबा, तुम्ही काही लिहू नका. प्लीज. तुम्ही लिहिलं की ते पण वाचतील."

हे खरं होतं. गिरीश लिहिणार काय? जे लिहील ते कुणीतरी उभं राहून वाचील.

"मग सोडून दे तो क्लब. आजच सोड."

"कसं सोडू? त्यात तुमचे दात आहेत." परीक्षितच्या डोळ्यांत पाणी आलं. "आईनी सांगितलं मला. फी परत मिळत नाही. आणि सोडलं की कॅम्पसवर आणखी हसतात, एक मुलगा सोडून गेला, त्याचं बघितलंय मी. अडीच वर्षं आहेत. फोर्थ इयरला बोर्डवर नाव लागेल. तुम्हाला ते पाहिजे होतं ना? तेवढं होऊ दे."

गिरीशनं विचारलं, "कुठलं नाव लागेल?"

परीक्षितनं पुन्हा मान खाली घातली.

मग गिरीश म्हणाला, "मला शाळेत गॅरी म्हणतात."

"माहीत आहे, बाबा."

"मी कधी काही बोललो नाही."

"आय नो."

त्या दोन शब्दांत राग नव्हता, दोषही नव्हता. तेच गिरीशला सोसवेना. पोराला आपण काय काय दिलं याची यादी त्यानं मनात अनेकदा केली होती, देश, पासपोर्ट, शिक्षण. आणि पोरानं नेमकं घेतलं होतं ते हे, की कुणी काहीही म्हटलं तरी हसून मान डोलवायची. दोष कुणाला देणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

"आईला सांगू नका," परीक्षित म्हणाला. गिरीशनं मान डोलावली.

नंदा यायच्या आत त्यानं नाणी देवघरातून उचलली. पण त्यांचं करायचं काय, हे त्याला सुचेना. देवळाच्या पेटीत टाकवेनात, दुकानात खर्चवेनात. शेवटी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून त्यानं ती स्क्रू आणि फ्यूज ठेवायच्या ड्रॉवरमध्ये मागं सारली. गणपतीपुढच्या पाटावर कुंकवाचा एक लाल ठिपका राहिला होता, तो ओल्या बोटानं पुसून काढला.

सुट्टीचे उरलेले दिवस तिघांनी एकत्र जेवून काढले. नंदानं परीक्षितच्या आवडीची, कोथिंबिरीचं सारण भरलेली नागपुरी सांबारवडी केली. कोथिंबीर महाग म्हणून ती एरवी हात आखडता घ्यायची, या खेपेस घेतला नाही. तो दोन खाऊन उठला. ब्लेझर धुऊन आला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराला टांगलेला. त्याच्या बाजूनं जाता-येता गिरीश अंग चोरायचा. रोज रात्री तो ठरवायचा, उद्या पोराला ठाम सांगू, नाही जायचं तिथं. आणि रोज सकाळी त्याला क्लब सोडून गेलेला तो दुसरा मुलगा आठवायचा, आणि तोंडातले शब्द तोंडातच राहायचे. जा म्हणावं तरी पोराचा घात, नको म्हणावं तरी घातच. आयुष्यात इतकं हतबल त्याला कधी वाटलं नव्हतं, कंपनी बंद पडली तेव्हाही नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी परीक्षित निघाला. विमानतळाची टॅक्सी दहा मिनिटांवर होती. नंदा आत त्याचा डबा भरत होती. गिरीशनं रिवाजाप्रमाणे पाकीट काढलं, त्यात वीसच्या दोन आणि दहाची एक नोट घातली, आणि खिशातून एक पाउंड काढला. मुद्दाम नवा करकरीत शोधून ठेवलेला, सुपरमार्केटातून सुटा करून आणलेला. ग्लासगोचं तोंडही न पाहिलेला. तो पाकिटाच्या तोंडाशी धरला. शून्यावर थांबलं की संपलं, असं आईचं म्हणणं कानात होतं. हात पुढं जाईना. त्यानं पाकीट तसंच चिकटवलं आणि नाणं मुठीत दाबलं.

दारात परीक्षितनं पाकीट घेतलं. सहा वर्षांचा होता तेव्हापासूनच्या सवयीनं त्याचा अंगठा पाकिटाच्या खालच्या कोपऱ्याकडे गेला. तिथं दाबून पाहिलं. काही नव्हतं. त्याचे खांदे एकदम सैल पडले, आणि महिनाभरात पहिल्यांदा त्यानं बापाला मिठी मारली, घट्ट.

"थँक्स, बाबा," तो गिरीशच्या खांद्याशी म्हणाला. "थँक यू."

कशाबद्दल थँक्स, हे गिरीशला कळलं. आपण आशीर्वाद दिला नाही म्हणून पोरगा आपले आभार मानतोय. त्यानं परीक्षितच्या पाठीवर एका हातानं थोपटलं. दुसरा हात उघडता येत नव्हता.

टॅक्सी वळणावर दिसेनाशी झाली. हिरवा ब्लेझर मागच्या सीटवर आडवा टाकलेला तेवढा शेवटपर्यंत दिसत होता. नंदा पदराला हात पुसत बाहेर आली.

"अहो, पाकीट दिलंत ना? वरचा एक ठेवलात?"

"ठेवला," गिरीश म्हणाला, आणि मूठ खिशात घातली.